नाव आपलं, किल्ली आपली, प्रत आपली: विकेंद्रित इंटरनेटवर पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

३० सप्टेंबर २०१४ ला गुगलचं सोशल नेटवर्क ऑर्कुट बंद झालं, तिथं मराठी कवितांच्या, ट्रेकिंगच्या, एकेका गावाच्या कम्युनिट्या होत्या, रात्र-रात्र चाललेल्या चर्चा होत्या. गुगलनं डेटा उतरवून घ्यायला सप्टेंबर २०१६ पर्यंत मुदत दिली होती पण कितीतरी जणांना ते कळलंच नाही, आणि ज्यांना कळलं त्यांनाही ती फाईल घेऊन पुढं कुठं जायचं ते माहीत नव्हतं. मग जुलै २०२४ मध्ये कू हे ट्विटरसारखं भारतीय ॲप बंद पडलं, तिथं तर लोक मुद्दाम आपल्या भाषेत लिहायचं म्हणून गेले होते. दोन्ही वेळा तीन गोष्टी एकदम गेल्या, आपलं तिथलं नाव, जोडलेली माणसं आणि लिहिलेलं सगळं.

हे तिन्ही एकाच कंपनीच्या हातात असल्यामुळं असं होतं. मोबाईल नंबरचं आठवून बघा, जानेवारी २०११ पर्यंत कंपनी बदलायची म्हणजे नंबर सोडायचा, म्हणून लोक रेंज नसली तरी तीच कंपनी धरून बसायचे. नंबर पोर्ट करता यायला लागल्यावर नंबर आपला झाला आणि कंपन्या बदलता यायला लागल्या. विकेंद्रित इंटरनेट म्हणजे सोशल मीडियाला, लिखाणाला, ओळखीला हीच सोय द्यायचा प्रयत्न, की एकच नियमावली म्हणजे प्रोटोकॉल असतो, त्यावर अनेक सर्व्हर, म्हणजे डेटा साठवणारे आणि पोचवणारे कॉम्प्युटर चालतात, आणि तुम्ही एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जाऊ शकता. ईमेल असंच चालतं आणि वर्षानुवर्षं चालतंय.

यासाठी ब्लॉकचेन, म्हणजे क्रिप्टोमागची अनेक कॉम्प्युटरवर ठेवलेली नोंदवही, समजायला लागत नाही, कुठलंही कॉईन विकत घ्यायला लागत नाही, हे आधीच सांगतो कारण हा शब्द ऐकला की लोक एक तर घाबरतात नाहीतर पैसे गुंतवायला बसतात. खाली जे सांगतोय ते क्रमानं करा, क्रम महत्त्वाचा आहे. बरेच जण आधी नवीन ॲपवर खातं उघडतात आणि नावाचा आणि किल्लीचा, म्हणजे पासवर्ड-कोडांचा, विचार नंतर करतात, मग परत तेच होतं.

पायरी पहिली: आत्ता जे आहे त्याची प्रत घ्या

नवीन काही करायच्या आधी जुन्या घरातलं सामान बघून घ्या. गुगलसाठी टेकआउट नावाची सोय आहे, २०११ पासून आहे, त्यात जीमेल, फोटो, कॉन्टॅक्ट, यूट्यूब सगळं निवडून मागवता येतं. फेसबुक आणि इन्स्टाग्रामला सेटिंग्जमध्ये आपली माहिती डाउनलोड करायचा पर्याय असतो. फाईल लगेच येत नाही, तयार झाली की मेल येतो आणि त्यातली लिंक काही दिवसांनी बंद होते, तेव्हा मेल आला की त्याच दिवशी उतरवून घ्या.

इथं मराठी लोकांसाठी एक खास गोष्ट. फेसबुक विचारतं की फाईल एचटीएमएल, म्हणजे ब्राउझरमध्ये वाचता येणारी पाहिजे, का जेसन, म्हणजे प्रोग्रॅमला वाचायला सोपी, तर वाचायला एचटीएमएलच घ्या. जेसन फाईलमध्ये देवनागरी मजकूर फार विचित्र पद्धतीनं साठवलेला असतो, उघडलात की अक्षरांच्या जागी तिरप्या रेघा आणि आकड्यांची माळ दिसते, आणि नुसतं एन्कोडिंग बदलून ते सरळ होत नाही, त्यासाठी छोटा प्रोग्रॅम लागतो. मजकूर गेलेला नसतो, पण पाहणाऱ्याला वाटतं की सगळं खराब झालं आणि तो फाईल डिलीट करून टाकतो. कुणी तसं केलं असेल तर परत मागवा. हौस असेल तर दोन्ही घ्या, एचटीएमएल वाचायला आणि जेसन पुढं कधी दुसऱ्या ठिकाणी भरायला.

फाईल आली की ती उघडून बघा, नुसती ठेवून देऊ नका. जाहिरातींबद्दलचा जो भाग असतो तो जरूर वाचा, कुठकुठल्या जाहिरातदारांकडं तुमची माहिती होती आणि त्यांनी ती वापरली त्याची यादी त्यात असते. मी ती यादी घरात सगळ्यांना दाखवतो, कारण डेटा म्हणजे काय हे त्या यादीइतकं सरळ दुसरं काहीच सांगत नाही. आणि एक लक्षात येईल, मित्रांची नुसती नावं आलेली असतात, माणसांशी असलेलं कनेक्शन काही त्या झिप फाईलमधून येत नाही. म्हणून पुढच्या पायऱ्या.

पायरी दुसरी: स्वतःचं डोमेन घ्या

माझं ठाम मत आहे की डिजिटल ओळखीची सुरुवात डोमेनपासून, म्हणजे इंटरनेटवरच्या आपल्या स्वतःच्या नावापासून करावी. वर्षाला काही शे ते हजार-दीड हजार रुपये जातात, पण या एका नावावर तुमचा ईमेल, वेबसाईट, ब्लूस्काय या ट्विटरसारख्या सोशल मीडियावरचं हँडल म्हणजे खात्याचं नाव, मॅस्टोडॉन या तशाच दुसऱ्या जागेवरची ओळख-खूण सगळं उभं राहतं, आणि उद्या यातली कुठलीही सेवा बंद पडली तरी नाव तेच राहतं.

नाव निवडताना छोटं, फोनवर सांगितलं तरी दुसऱ्याला नीट टाईप करता येईल असं निवडा. मराठी नावांना रोमन स्पेलिंग चार प्रकारे होतं, श्रीला एक आय की दोन ई, वैशालीत शेवटी आय का वाय, तेव्हा दोन माणसांना तोंडी सांगून ते काय टाईप करतात बघा आणि मगच पैसे भरा. .इन आणि .कॉम दोन्ही चालतात. .भारत हे देवनागरी डोमेन २०१४ पासून मिळतं, त्यात मराठी नाव मराठी लिपीत घेता येतं, आणि मला मनापासून वाटतं की ज्यांना जमेल त्यांनी ते घ्यावं, वापरलं नाही तर वाढणार कसं. पण एकुलती एक ओळख म्हणून आज त्यावर अवलंबून राहू नका, कारण पुष्कळ फॉर्म असा पत्ता स्वीकारत नाहीत आणि ब्लूस्कायसारख्या ठिकाणी हँडलमध्ये फक्त रोमन अक्षरं, आकडे आणि डॅश चालतात, देवनागरी नाव तिथं एक्स-एन-डॅश-डॅश असं सुरू होणाऱ्या न वाचता येणाऱ्या रूपात दिसतं. रोमन नाव मुख्य ठेवा आणि देवनागरी नाव त्याच्याकडं वळवा.

दुसऱ्या देशाचा कोड नुसता दिसायला छान आहे म्हणून घेऊ नका. अफगाणिस्तानच्या कोडवर मॅस्टोडॉनचा एक सर्व्हर होता, फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या तालिबान सरकारनं ते डोमेन बंद केलं आणि त्या सर्व्हरवरच्या सगळ्यांचे पत्ते गेले. सर्व्हर चालवणारी मंडळी अफगाणिस्तानात नव्हतीच, पण नाव तिकडचं होतं.

आता घेताना काय-काय बघायचं. सगळ्यात पहिलं म्हणजे रजिस्ट्रेशन तुमच्या स्वतःच्या नावावर आणि तुमच्या स्वतःच्या लॉगिननं पाहिजे. आपल्याकडं वेबसाईट बनवणाऱ्या मुलाला सांगतात आणि तो त्याच्या खात्यावर डोमेन घेतो, पुढं तो शहर सोडून जातो किंवा फोन उचलत नाही, आणि मग दुकानाचं, वाचनालयाचं, शाळेचं नाव अडकून पडतं. माझ्या ओळखीच्या एका संस्थेला जुनं नाव परत मिळालंच नाही, शेवटी नवीन नाव घेऊन सगळ्या पावत्या परत छापाव्या लागल्या. मुलगा भला असतो, तरी खातं तुमचंच पाहिजे, त्याला हवं तर फक्त सेटिंग बदलायची परवानगी द्या.

दुसरं, पहिल्या वर्षाची किंमत बघू नका, रिन्यूची बघा, पहिलं वर्ष ९९ रुपये आणि नंतर दहापट असं सर्रास असतं. तिसरं, ऑटो-रिन्यू लावलंय म्हणून निर्धास्त राहू नका, ऑक्टोबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेचे ई-मँडेटचे, म्हणजे कार्डावरून आपोआप पैसे जायच्या परवानगीचे नियम लागू झाल्यापासून भारतीय कार्डावर बाहेरच्या कंपन्यांचे आपोआप जाणारे पैसे बरेचदा अडकतात आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. त्यापेक्षा एकदम तीन-पाच वर्षांचे भरून टाका आणि फोनच्या कॅलेंडरमध्ये तारीख घाला. चौथं, डोमेनच्या खात्याला जो ईमेल द्याल तो त्याच डोमेनवरचा नको, कारण डोमेन बंद पडलं तर ते सोडवायचा मेलही त्याच्यावरच जाणार.

आणि खरं ते सांगितलं पाहिजे, डोमेन काही कायमचं मालकीचं होत नाही, मुदत संपली की परत पैसे भरावे लागतात, कोर्टाच्या आदेशानं जाऊ शकतं. तरीही एका ॲपच्या मर्जीवर असलेल्या युजरनेमपेक्षा ते कितीतरी पक्कं आहे, त्याला नियम आहेत, तक्रारीची प्रक्रिया आहे, आणि रजिस्ट्रार, म्हणजे डोमेन विकणारी कंपनी, आवडला नाही तर ट्रान्सफरचा कोड घेऊन दुसऱ्याकडं नेता येतं. घेतल्यावर पहिले ६० दिवस साधारणपणे हलवता येत नाही, एवढं धरून चाला.

पायरी तिसरी: किल्ल्या

यावर थोडक्यात सांगतो कारण करायला अर्धा तास लागतो, पण टाळू नका. एक पासवर्ड मॅनेजर घ्या, बिटवॉर्डन किंवा कीपासएक्ससी, दोन्ही ओपन सोर्स आहेत. डोमेनचं खातं आणि मुख्य ईमेल या दोघांना सगळ्यात लांब पासवर्ड आणि टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी तपासणी, लावा, तेही एसएमएसवर नको, कोड तयार करून देणाऱ्या ऑथेंटिकेटर ॲपवर किंवा पासकी, म्हणजे फोनच्या लॉकनं लॉगिन करायची सोय, लावून, कारण सिम स्वॅप करून, म्हणजे तुमच्या नंबरचं दुसरं सिम काढून, नंबर पळवायचे प्रकार आपल्याकडं भरपूर होतात आणि नंबर गेला की ओटीपी चोराच्या फोनवर.

टू-फॅक्टर लावताना रिकव्हरी कोड देतात, आठ-दहा ओळींचे. त्याचा स्क्रीनशॉट काढून स्वतःलाच व्हॉट्सॲप करणारे खूप आहेत, तसं करू नका, तो फोटो आपोआप क्लाउडवर चढतो आणि गॅलरीची परवानगी मागणारं कुठलंही ॲप तो वाचू शकतं. कागदावर लिहा, सुवाच्य लिहा, शून्य आणि ओ मधला फरक दिसेल असं लिहा, आणि घराची कागदपत्रं जिथं ठेवता त्याच फाईलमध्ये ठेवा.

पायरी चौथी: डोमेनला ब्लूस्कायचं हँडल बनवा

इथं खरी मजा आहे आणि विकेंद्रित ओळख म्हणजे काय ते हातानं करून कळतं, म्हणून जरा सविस्तर.

ब्लूस्काय २०१९ मध्ये ट्विटरच्याच आत प्रकल्प म्हणून सुरू झालं, पुढं वेगळं झालं आणि फेब्रुवारी २०२४ पासून कुणालाही आमंत्रणाशिवाय येता येतं. त्याच्या खाली जो प्रोटोकॉल आहे त्याला एटी प्रोटोकॉल म्हणतात. खातं उघडलं की तुम्हाला दोन ओळखी मिळतात. एक दिसणारी, म्हणजे हँडल. दुसरी सहसा न दिसणारी, तिला डीआयडी म्हणतात, डीआयडी-कोलन-पीएलसी-कोलन आणि पुढं २४ अक्षरांची लांबलचक ओळ. डीआयडी म्हणजे विकेंद्रित ओळखकर्ता, ही कल्पना डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं जुलै २०२२ मध्ये अधिकृत मानक म्हणून मंजूर केली. तुमच्या पोस्ट, तुमचे फॉलोअर सगळे त्या लांब ओळीला चिकटलेले असतात, हँडलला नाही. म्हणून हँडल कितीदाही बदला, माणसं आणि पोस्ट जागेवरच राहतात.

आता कृती. खातं उघडा, आधी त्यांचंच दिलेलं हँडल घ्या. मग सेटिंग्ज, त्यात अकाउंट, त्यात हँडल, आणि खाली स्वतःचं डोमेन असल्याचा पर्याय दिसेल तो दाबा. डोमेन टाईप करा. ते तुम्हाला दोन ओळी देईल, एक होस्टची, जी अंडरस्कोरनं सुरू होते आणि पुढं ॲटप्रोटो असतं, आणि दुसरी व्हॅल्यूची, ज्यात तुमची डीआयडी असते. हे पान उघडंच ठेवा.

दुसऱ्या टॅबमध्ये डोमेनच्या खात्यात जा, डीएनएस सेटिंग, म्हणजे डोमेनच्या नोंदींचं पान, उघडा, नवीन रेकॉर्ड जोडा म्हणा, प्रकार टेक्स्ट म्हणजे टीएक्सटी निवडा. होस्टच्या रकान्यात अंडरस्कोरसकट ॲटप्रोटो एवढंच घाला, त्यापुढं डोमेनचं नाव घालू नका, कारण बरेच रजिस्ट्रार ते स्वतःहून जोडतात आणि मग नाव दोनदा येऊन काहीच चालत नाही, अडकणाऱ्या दहातल्या आठ जणांचं इथंच अडकतं. व्हॅल्यूच्या रकान्यात ती दुसरी ओळ जशीच्या तशी कॉपी-पेस्ट करा, मागंपुढं स्पेस नको. सेव्ह करा. बाकीच्या रेकॉर्डना हात लावू नका, विशेषतः एमएक्स म्हणजे ईमेलचे रेकॉर्ड आणि नेमसर्व्हर, ते बदलले तर मेल बंद पडतील.

चहा घेऊन या. पाच-दहा मिनिटांत होतं, कधी कधी जास्त वेळ लागतो. मग परत ब्लूस्कायवर येऊन तपासा म्हणा, हिरवी खूण आली की झालं, तुमचं डोमेन हेच तुमचं हँडल.

यातून काय साधलं बघा. कुणी तुमचा फोटो लावून बनावट खातं काढलं तरी त्याच्याकडं तुमचं डोमेन नाही. अमेरिकेचे सिनेटर रॉन वायडन यांनी २०२३ मध्ये सिनेटच्याच सरकारी डोमेनवर हँडल घेतलं, म्हणजे खरे तेच हे सांगायला कुठल्या कंपनीकडं निळी टिक मागावी लागली नाही. हेच एखादं तालुक्याचं वाचनालय करू शकतं, महाविद्यालय करू शकतं, की आमच्या सगळ्या शिक्षकांना आमच्या डोमेनखाली हँडल. घरातही होतं, एकाच डोमेनवर आई, दादा, ताई असे उपविभाग करून प्रत्येकाला वेगळं हँडल देता येतं आणि एकाच्याच पैशात सगळं घर येतं.

कमतरताही सांगतो. तुमच्या डीआयडीची मुख्य किल्ली सुरुवातीला ब्लूस्कायच्याच सर्व्हरकडं असते, तुम्हाला स्वतःची रिकव्हरी किल्ली जोडता येते पण ते काम अजून तांत्रिक माणसाचं आहे. डेटाची प्रत सेटिंग्जमधून कार नावाच्या फाईलमध्ये मिळते, त्यात पोस्ट, लाईक, फॉलो असतात पण फोटो-व्हिडिओ नसतात, ते वेगळे सांभाळा. आणि डोमेन रिन्यू करायला विसरलात तर हँडलच्या जागी ते अवैध असल्याचं दिसायला लागतं, पोस्ट मात्र जात नाहीत.

पायरी पाचवी: मॅस्टोडॉन, तुम्हाला गरज असेल तर

मॅस्टोडॉन २०१६ पासून आहे, जर्मनीतल्या ऑयगन रॉख्को यांनी सुरू केलं. हे ॲक्टिव्हिटीपब या प्रोटोकॉलवर चालतं, तोही डब्ल्यूथ्रीसीनं जानेवारी २०१८ मध्ये मंजूर केलेला. इथं पत्ता ईमेलसारखा असतो, नाव आणि पुढं सर्व्हर, आणि तुम्ही कुठल्याही सर्व्हरवर असाल तरी बाकीच्यांशी बोलता येतं.

नवीन माणूस अडकतो तो सर्व्हर निवडताना. सर्व्हर म्हणजे कुणीतरी माणसं स्वतःच्या वेळातून आणि देणग्यांतून चालवत असतात, तेव्हा त्यांचं नियमांचं पान वाचा, किती वर्षं चालू आहे बघा, खर्च कसा भागवतात ते लिहिलंय का बघा. नंतर सर्व्हर बदलता येतो, फॉलोअर तुमच्यामागं नवीन पत्त्यावर येतात, पण जुन्या पोस्ट येत नाहीत. हे आधी माहीत असू द्या, कारण लोक वर्षभर लिहितात आणि हलताना त्यांना धक्का बसतो. पोस्टची झिप मागवता येते, ती घेऊन ठेवा.

इथंही डोमेन कामाला येतं. तुमच्या वेबसाईटवर प्रोफाईलची लिंक खास पद्धतीनं टाकली, ती ओळ मॅस्टोडॉन स्वतःच प्रोफाईलच्या सेटिंगमध्ये तयार करून देतं, की प्रोफाईलवर वेबसाईटचं नाव हिरवं होतं, म्हणजे साईट आणि खातं एकाच माणसाचं आहे याची खूण.

खाजगी बोलण्यासाठी हे दोन्ही वापरू नका. मॅस्टोडॉनवरचा खाजगी मेसेज सर्व्हर चालवणारा तांत्रिकदृष्ट्या वाचू शकतो, ब्लूस्कायचे मेसेज एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड, म्हणजे फक्त बोलणाऱ्यांनाच वाचता येतील असे, नाहीत. घरगुती, पैशाचं, तब्येतीचं बोलायला सिग्नल किंवा मॅट्रिक्ससारखं काही घ्या.

किल्ली हीच ओळख असलेली ठिकाणं

नॉस्टर म्हणून एक प्रोटोकॉल आहे, २०२० मध्ये सुरू झालेलं, तिथं खातं उघडणं असं नसतंच. एक किल्लीजोडी तयार होते, एक सार्वजनिक, ती वाटायची, आणि एक गुप्त, ती कुणालाही द्यायची नाही. कुणी तुम्हाला सगळ्या जाळ्यावरून बॅन करू शकत नाही, आणि गुप्त किल्ली हरवली तर कुणी परत मिळवूनही देऊ शकत नाही, पासवर्ड विसरलात का हे बटणच नाही. क्रिप्टो वॉलेटची, म्हणजे क्रिप्टो ठेवायच्या ॲपची, किल्ली असलेले १२ किंवा २४ शब्द हेही याच जातीचं.

माझा सल्ला, पहिले सहा महिने याच्यापासून लांब राहा. कागद सांभाळायची सवय लागली की मग बघा. आणि कुणीही, अगदी कुणीही, सपोर्टवाला म्हणून, फुकट टोकन देतो म्हणून, खातं व्हेरिफाय करायचंय म्हणून ते शब्द मागितले तर तो चोर आहे. या नियमाला अपवाद नाही. घरच्या ज्येष्ठांना हे वेगळं बसवून सांगा.

पुसता येत नाही, हे लिहिण्याआधी समजून घ्या

डेटाची मालकी म्हटलं की लोकांना वाटतं आपण डिलीट केलं की गेलं. विकेंद्रित जाळ्यावर तुमची पोस्ट शेकडो सर्व्हरवर पोचलेली असते. तुम्ही डिलीट दाबता तेव्हा त्या सगळ्यांना विनंती जाते, बरेच पाळतात, पण एखादा सर्व्हर बंद असेल, जुना असेल किंवा मुद्दाम साठवत असेल तर प्रत राहते. ब्लूस्कायवर तर पोस्ट, लाईक, फॉलो, तुम्ही कुणाला ब्लॉक केलं तेही सगळं उघडं असतं, ज्याला प्रोग्रॅमिंग येतं तो वाचू शकतो. ब्लॉकचेनवर टाकलेलं तर पुसायची सोयच नाही.

म्हणून लहान मुलांचे फोटो, शाळेचं नाव, घराबाहेरचा पत्ता दिसणारा फोटो, आजारपणाचे रिपोर्ट, मार्कशीट हे कुठल्याही सार्वजनिक विकेंद्रित जागी टाकू नका. आम्ही तुमची कागदपत्रं ब्लॉकचेनवर सुरक्षित ठेवतो म्हणणारं ॲप दिसलं तर विचारा की कागद कुठं ठेवता आणि त्याची फक्त खूण, म्हणजे तो कागद बदललेला नाही हे तपासायचा कोड, कुठं ठेवता, नीट उत्तर नाही आलं तर सोडून द्या.

सरकारी ओळखपत्रांचं काय

आधार ही केंद्रित ओळख आहे, एकाच यंत्रणेचा डेटाबेस, वर सांगितलेल्या गोष्टींशी त्याचा संबंध नाही. पण जगात दिशा बदलतेय. भूताननं २०२३ मध्ये राष्ट्रीय डिजिटल ओळख सुरू केली ती नागरिकाच्या फोनमधल्या वॉलेटवर चालणारी आहे, आणि युरोपियन युनियनही सदस्य देशांना नागरिकांसाठी असं वॉलेट द्यायला लावतंय. कल्पना अशी की विद्यापीठ किंवा सरकार तुम्हाला डिजिटल सही केलेला दाखला देतं, तो तुमच्या फोनमध्ये राहतो, आणि दाखवताना तुम्ही लागेल तेवढंच दाखवता. वय १८ पूर्ण आहे एवढंच सिद्ध करायचं तर जन्मतारीख, पत्ता, वडलांचं नाव द्यायची गरज नाही.

आपल्याकडं तोपर्यंत जे हातात आहे ते वापरा. लॉजवर, सोसायटीच्या गेटवर, सिमच्या दुकानात आधारची पूर्ण झेरॉक्स देऊ नका, मास्क्ड आधार डाउनलोड करता येतं, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात. १६ आकडी व्हर्च्युअल आयडी काढता येतो, आणि बोटांचे ठसे लॉक करायची सोय आहे, ती लावून ठेवा, रेशन किंवा बँकेच्या कामाला लागलं तर तेवढ्यापुरती उघडता येते.

कायदा कुठवर साथ देतो

डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि टप्प्याटप्प्यानं लागू होतायत, कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांना आणि आपल्या हक्कांना दीड वर्षाची मुदत आहे. यात माझ्याबद्दल काय माहिती आहे ते विचारायचा, चुकीचं दुरुस्त करायचा, पुसायला सांगायचा हक्क आहे. पण डेटा उचलून दुसऱ्या कंपनीकडं न्यायचा हक्क यात नाही. २०१९ च्या मसुद्यात तो होता, नंतर काढला गेला. मला हे फार खटकतं, कारण नंबर पोर्ट करायचा हक्क देऊन बघितलेल्या देशाला तो किती कामाचा असतो हे कळायला हवं होतं. युरोपात मे २०१८ पासून जीडीपीआर या तिथल्या डेटा संरक्षण कायद्याच्या कलम २० खाली तो आहे, म्हणून जर्मनी, नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांनी तो हक्क वापरावा, नुसता मेल पाठवून मागता येतो.

आपल्या कायद्यातली एक चांगली गोष्ट म्हणजे वारस नेमायचा हक्क, म्हणजे आपल्यामागं आपल्या डेटाबद्दलचे हक्क कुणी बजवायचे ते ठरवता येतं.

शेवटची पायरी: प्रत आणि घरातलं दुसरं माणूस

तीन महिन्यांतून एकदा, दर वेळी तोच दिवस ठरवून, ब्लूस्कायची कार फाईल, मॅस्टोडॉनची झिप, गुगल टेकआउट उतरवा आणि एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर टाका. आणखी एक प्रत घराबाहेर, बहिणीकडं किंवा मित्राकडं, पासवर्ड लावून. वर्षातून एकदा ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून फाईल खरंच उघडतात का बघा. जे लिखाण तुम्हाला जिवापाड आहे, कविता, आजीच्या आठवणी, गावाचा इतिहास, ते सोशल मीडियाच्या फाईलच्या भरवशावर ठेवूच नका, ते साध्या टेक्स्ट फाईलमध्ये वेगळं ठेवा, युनिकोडमध्ये, जुन्या फॉन्टमध्ये नको. फॉन्टवर टाईप केलेलं जुनं मराठी लिखाण आज किती ठिकाणी वाचता येत नाही हे डीटीपीवाल्यांना विचारा.

आणि घरातल्या एका माणसाला सगळं दाखवा. डोमेन कुठल्या कंपनीकडं आहे, कधी संपतं, कोडांचा कागद कुठल्या फाईलमध्ये आहे. डोमेन जास्तीत जास्त १० वर्षांसाठी भरता येतं. पैसे भरले नाहीत तर .कॉमसारख्या डोमेनला मुदतीनंतर सोडवून घ्यायला थोडे दिवस मिळतात, तेही जास्तीचे पैसे देऊन, आणि मग ते बाजारात खुलं होतं. जो घेईल त्याच्याकडं त्या नावावरचे सगळे ईमेल जायला लागतात, त्यात बँकेचे पासवर्ड रीसेट करायचे मेलही आले. म्हणून कागदावर सगळ्यात वर रजिस्ट्रारचं नाव आणि रिन्यूची तारीख लिहा, बाकीचं खाली.